गाणी म्हणजे नुसती भरती?

'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या अमेरिकेतल्या एनबीसी वाहिनीवरच्या थेट विनोदी कार्यक्रमातली गाणी म्हणजे नटांना कपडे बदलायला मिळालेला वेळ, असं कुणी म्हणतं, ते काही पटलं नाही. ११ ऑक्टोबर १९७५च्या पहिल्याच भागात बिली प्रेस्टन आणि जॅनिस इयन असे दोन गायक होते. पुढच्या आठवड्यात सूत्रधार गायक पॉल सायमन, सोबत त्याचा जुना जोडीदार आर्ट गारफंकल, आणि तो भाग तर जवळपास मैफलच झाला. विनोद तोंडी लावण्यापुरता!

शिवाय जागा कुठली, तर न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमधला स्टुडिओ ८एच. तिथे पूर्वी नामवंत संगीत-संचालक तोस्कानिनी एनबीसीचा सिंफनी वाद्यवृंद चालवायचा.

खरी गंमत थेट प्रक्षेपणाची. डिसेंबर १९७७मध्ये सेक्स पिस्टल्स या ब्रिटिश पंक बँडला व्हिसाच्या भानगडीमुळे येता आलं नाही, म्हणून ब्रिटिश गायक एल्विस कॉस्टेलोला बोलावलं. त्याने ठरलेलं गाणं सुरुवातीलाच थांबवलं आणि 'रेडिओ रेडिओ' सुरू केलं, म्हणजे प्रसारणवाल्यांवरच टीका. निर्माते लॉर्न मायकल्स भडकले, पठ्ठ्याला कित्येक वर्षं परत बोलावणं नाही. पण १९९९च्या पंचविसाव्या वर्षाच्या सोहळ्यात त्यानेच बीस्टी बॉइज या बँडचं गाणं मध्येच तोडून तोच प्रकार केला, या वेळी अर्थात ठरवून.

आयरिश गायिका शिनेड ओ'कॉनरने १९९२मध्ये पोपचा फोटो फाडला तो मात्र कुणाला न सांगता. सरावात तिने वेगळाच फोटो दाखवला होता. २००४ची गायिका अ‍ॅशली सिम्पसनची फजिती यूट्यूबवर शोधा: भलत्याच गाण्याचा ध्वनिमुद्रित आवाज सुरू, आणि बाई नाचत सुटल्या!