फोर्डचा नातू: सांभाळणारा का ऐतखाऊ?

बारातेराचा_पाना:
राजेहो, एक वाद मिटवा. आमचं दारव्हा-दिग्रस रोडवर ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज हाय, आजोबानं टाकलेलं. काल एक जुना फोर्ड ३६०० आला, लिफ्ट उचलत नव्हती, अन त्याचं नाव पाहून गोठ निघाली का ही फोर्ड कंपनी बुढ्याच्या मागं चालवली कोणी. माहा दोस्त म्हणे पहिल्या हेन्री फोर्डनं कमावलं अन नातवानं, म्हणजे दुसऱ्या हेन्रीनं, आयत्या पिठावर रेघोट्या ओढल्या, एडसेल नावाची गाडी काढून पैसा बुडवला अन कंपनीतला मोठा साहेब, ली आयाकोकासारखा माणूस हाकलून देला. मी म्हटलं एवढा ऐतखाऊ असता तं पस्तीस वर्षं कंपनी टिकली असती काय? पण मलेही पुरं माहीत नाई, उगीच आवाज चढवला.

खरं सांगतो, विचारायचं कारण दुसरंच हाय. आजोबा ८१ चे, गल्ल्याची चाबी अजून त्यायच्या करदोड्याले. बाबा ५४ चे, नोझल टेस्टर घ्यायचा तरी विचारून. मी आयटीआय करून आलो तं मले म्हणते पाने पुस. म्हणून इचारतो, तिकडे नातवाच्या हाती आल्यावर नेमकं झालं काय?

तीनसिलेंडर_खामगाव:
पहिले कामाचं. ३६०० ची लिफ्ट उचलत नसन तं तेल पाय, मंग फिल्टर, लगेच पंप खोलत बसू नको.

आता गोठ. तो ट्रॅक्टर तुह्या त्या नातवाच्याच राज्यातला म्हण. सत्तरच्या दशकात फरीदाबादच्या एस्कॉर्ट्सनं फोर्डसंगं भागीदारी करून इथं ट्रॅक्टर बनवणं सुरू केलं तेव्हा डेट्रॉइटले गादीवर तोच बसला होता. पुढं फोर्डनं ट्रॅक्टरचा धंदा फियाटले विकला अन आपल्याकडे तेच घराणं फार्मट्रॅक नावानं चाललं. आमच्याकडे अजून वावरात ३६०० हाय, पेरणीत दगा नाई देत.

एडसेल गाडी पडली हे खरं. १९५७ च्या सप्टेंबरात वाजतगाजत आणली अन १९५९ च्या नोव्हेंबरात बंद, २५ कोटी डॉलर गेले म्हणतात. पण त्याच माणसाच्या काळात १९६४ ची तुफान खपलेली मस्टँग गाडीही आली ना, ते काहून सांगत नाई तुहा दोस्त? एका हंगामात सोयाबीन गेलं म्हणून कोणी शेतकऱ्याले आळशी म्हणते काय.

रिसोडचा_चाकणला:
मी मूळचा रिसोडकडचा, आता चाकणला एका ऑटो कंपनीत आहे, त्यामुळे थोडं लांबण लावतो, सांभाळून घ्या.

भाऊ, नातवाची गोष्ट बापापासून सुरू होते. एडसेल हे त्या पडलेल्या गाडीचं नाव नंतर झालं, आधी ते माणसाचं नाव होतं. पहिल्या हेन्रीचा एकुलता एक मुलगा. १९१९ मधे पंचविशीतच त्याला कंपनीचा अध्यक्ष केला, पण नुसता पाटीवर. बापानं एकदा मॉडेल टी काढली १९०८ मधे, दीड कोटीच्या वर विकली, आणि मग हेच जगातलं शेवटचं वाहन असल्यासारखा त्याला चिकटून बसला. एडसेल म्हणत राहिला की लोकांना आता दिसायला चांगली, नव्या पद्धतीची गाडी पाहिजे, बाप ऐकेना, शेवटी १९२७ मधे विक्री इतकी घसरली की नाइलाजानं मॉडेल ए आली. हायड्रॉलिक ब्रेकचंही तेच, बाजारात सगळ्यांकडे आले तरी फोर्डच्या गाड्यांना १९३९ पर्यंत थांबावं लागलं. वर म्हाताऱ्यानं हॅरी बेनेट नावाचा एक माणूस पाळला होता, कारखान्यात त्याचे गुंड फिरायचे, १९३७ मधे युनियनच्या लोकांना मारलं ते त्यांनीच, आणि म्हाताऱ्याचा स्वतःच्या पोरापेक्षा त्या बेनेटवर जास्त विश्वास. एडसेल १९४३ मधे पोटाच्या कॅन्सरनं गेला, ४९ व्या वर्षी. आणि मग काय झालं, तर ७९ वर्षांचा बाप परत अध्यक्ष!

नातू तेव्हा नौदलात होता, त्याला युद्ध चालू असतानाच सोडून घरी पाठवलं कारण कंपनी लढाईची विमानं बनवत होती आणि वर कोणी धड नव्हतं. सप्टेंबर १९४५ ला तो अध्यक्ष झाला तेव्हा वय २८. पहिलं काम काय केलं, बेनेटला घरी पाठवलं. हिशोबाची अवस्था अशी की एका खात्यात बिलांचा गठ्ठा वजनावर अंदाजून खर्च काढायचे असा किस्सा सांगतात (आपल्या जिनिंगवर कापूस तोलतात तसा, पण कापसाला निदान काटा तरी असतो). महिन्याला कोटीच्या आसपास डॉलर तोटा होता म्हणतात.

आता बघा पोरानं काय केलं. त्याला स्वतःला काही येत नव्हतं आणि ते त्याला माहीत होतं. मला विचाराल तर त्याचं सगळ्यात मोठं भांडवल तेच. त्यानं जनरल मोटर्सच्या घरातला अर्नेस्ट ब्रीच आणला, म्हणजे शत्रूच्या गोटातला माणूस आणून शेजारी बसवला. हवाई दलातले दहा हिशोबी तरुण एकदमच घेतले, त्यातला एक मॅकनमारा, तोच पुढे केनेडीचा संरक्षणमंत्री झाला. १९४९ च्या नव्या मॉडेलनं कंपनी उभी राहिली. १९५६ ला शेअर बाजारात आणली, पण मतांच्या हक्काचे ४० टक्के घरात ठेवले. हा डाव कच्चा नाही. पुढे फेरारी विकत घ्यायला गेला, सौदा फिसकटला, तर रागानं १९६६ ला ल मान्सच्या शर्यतीत पहिले तीन नंबर फोर्डचे आणले. ते चैनीचं काम, त्यावर मी जास्त नाही बोलत.

पण आयाकोकाच्या बाबतीत तुमच्या दोस्ताचं बरोबर आहे. १९७८ मधे काढला, कंपनी भरपूर नफ्यात असताना. आयाकोकानं नंतर सांगितलं की कारण विचारलं तर मालक म्हणाला, कधीकधी एखादा माणूस आवडत नाही बस. तोच आयाकोका क्रायस्लरला गेला आणि मरायला टेकलेली ती कंपनी सरकारच्या हमीवर कर्ज काढून उभी केली, १९८३ ला कर्ज फेडूनही टाकलं. पिंटो गाडीचं पण आहे, मागून धक्का बसला की पेट्रोलची टाकी पेटायची, १९७८ ला १५ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या, त्यात मात्र मालक आणि आयाकोका दोघांचे हात काळे. म्हणजे २८ व्या वर्षी आपल्यापेक्षा हुशार माणूस शेजारी चालायचा आणि साठीत तोच खुपायला लागला. आजोबा अंगात आला हो, दुसरं काय.

एक मात्र त्यानं आजोबासारखं केलं नाही. १९७९ ला कंपनी चालवायची जबाबदारी फिलिप कॅल्डवेल नावाच्या घराबाहेरच्या माणसाकडे दिली आणि स्वतः जिवंतपणी बाजूला झाला. १९८७ ला वारला.

पानठेला_विद्यापीठ:
बिलं तोलून हिशोब? आमच्या गावची सोसायटी तं फोर्डच्या बरोबरीची निघाली बाप्पा.

आर्वीची_सूनबाई:
सगळं बरोबर सांगून रायले दादा, पण बाया कुठी गेल्या तुमच्या गोष्टीतल्या?

म्हातारा काही आपल्या मनानं नाई उठला खुर्चीवरून. एडसेलची बायको एलेनॉर, विधवा झाल्यावर तिच्याकडे शेअर होते. तिनं सासऱ्याले सरळ सांगितलं का पोराले अध्यक्ष करत नसान तं मी माहे शेअर विकून टाकतो. अन म्हाताऱ्याची स्वतःची बायको क्लारा, ती सुनेच्या बाजूनं उभी रायली! सासू-सून एक झाल्या तेव्हा कुठं बुढा हालला. नाईतं बेनेटच बसला असता तिथं. नवरा तिचा त्या ओढाताणीत गेला होता, ती काही उगीच नाई बोलली.

मी सासऱ्याचं कृषी केंद्र चालवतो आता, खत-बियाणं. लायसन्सवर नाव चढाले सहा वर्षं लागले, तोवर गिऱ्हाईक आलं का सासरे म्हणत, थांबा पोराले येऊ द्या. पोरगा म्हणजे माहा नवरा, त्याले डीएपी अन युरियाच्या भावातला फरक इचारा तं माह्याकडे पाहे. शेवटी माह्या सासूनंच एक दिवस चाबी काढून माह्या हातात देली, सासऱ्याच्या समोर. ते बोलले नाई काही. दोन दिवस चहा नाई घेतला फक्त.

तं भाऊ, वारसाचं नंतर पायजो, पहिले हे सांग का गॅरेजची जागा कोणाच्या नावावर हाय? अन तुह्या बाबाचं पोट कसं हाय? हासू नको, खरंच इचारतो, ५४ म्हणजे एडसेलच्या पुढचं वय झालं.

तीनसिलेंडर_खामगाव:
ताईनं पंपच खोलला डायरेक्ट 😄

बारातेराचा_पाना:
लिफ्टचं फिल्टरच होतं, चोंदलं होतं पुरं. आभार भाऊ.

दोस्ताले सगळं वाचून दाखवलं, तो म्हणे आयाकोकाचं तं मी बरोबरच होतो ना. हो बावा, होता.

ताई, बाबाले आम्लपित्ताचा त्रास हाय चार-पाच वर्षापासून, गोळी खाते अन गाडीखाली शिरते. तुमचं वाचून यवतमाळले दाखवाले नेतो म्हटलं तं म्हणे पेरणीचं काम संपू दे.

जागेचा सातबारा काढून पायला आज, आजोबाले न सांगता. आजीच्या नावावर हाय. तिच्या माहेरून भेटलेली. एवढ्या वर्षात घरात कोणी बोललं नाई हे. संध्याकाळी चुलीपाशी बसलो तिच्याजवळ, म्हटलं आजी, ते गॅरेजची जागा तुही हाय काय. तिनं भाकर पलटवली अन म्हणे, तुह्या बापाले बोलाव जेवाले, आज त्याले आधी वाढतो.

आजोबा पाहत होते.