डिझेल सेडानची मजा २००० आरपीएमला आहे, तासाला २०० किलोमीटरला नाही

धागाकर्ता
भावाची बीएमडब्ल्यू ५३०डी (जी३० पिढी) दोन दिवस माझ्याकडे होती, साडेआठशे किलोमीटर चालवली. तीन लिटरचं, एका रांगेतल्या सहा सिलिंडरचं इंजिन, २६५ अश्वशक्ती. पण खरी गोष्ट आहे टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर: ६२० एनएम (न्यूटन मीटर), आणि तो २००० आरपीएमलाच, म्हणजे इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असतानाच, पूर्ण हजर असतो. लांब चढणीवर एका ट्रकमागे अडकलो होतो. रस्ता मोकळा दिसला, पाय जेमतेम बोटभर दाबला. आवाज चढला नाही, काटा २२०० च्या पुढे सरकला नाही, आणि ट्रक आरशात गेला. मागे बसलेली आई झोपलेलीच होती. माझ्या मते आलिशान गाडी म्हणजे हेच: वेग येतो, पण तो आल्याचं कुणाला कळत नाही.

टर्बोपेट्रोल
हे वर्णन जुन्या, बिनटर्बोच्या (टर्बो म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारं यंत्र) पेट्रोलशी तुलना करून लिहिल्यासारखं वाटतं. याच गाडीच्या पेट्रोल आवृत्तीचं, ५३०आयचं, दोन लिटरचं टर्बो इंजिन ३५० एनएम १४५० आरपीएमलाच देतं. आकडा कमी आहे, मान्य. पण सकाळी थंड इंजिन सुरू करून बोनेटशेजारी उभे राहा. डिझेलची ती खडखड कितीही कापूस कोंबला तरी जात नाही. एवढ्या महागाच्या गाडीत मला ती ऐकायची नाही.

शहरातच_फिरतो
मी चार वर्षं आलिशान डिझेल सेडान वापरली (कंपनी सांगत नाही). रोजचं अंतर सहा किलोमीटर. डीपीएफ म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. ती काजळी जाळायला तो ६०० अंशांच्या आसपास तापावा लागतो, आणि सहा किलोमीटरमध्ये इंजिनच धड तापत नाही. गाडी जाळायला सुरुवात करायची, मी घरी पोचून बंद करायचो. त्यासाठी जास्तीचं फवारलेलं डिझेल शेवटी ऑइलमध्ये उतरलं. डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) काढली तर पातळी खुणेच्या वर आणि वास चक्क डिझेलचा! चढणीवरच्या टॉर्कची कविता मला सांगू नका.

धागाकर्ता
@शहरातच_फिरतो, तुमचं दुखणं शंभर टक्के खरं आहे. सहा किलोमीटरसाठी डिझेल घेऊच नये, आणि हे विक्रेत्याने गाडी देण्याआधी विचारायला हवं होतं. पण हा दोष वापराचा आहे, इंजिनाचा नाही.
@टर्बोपेट्रोल, खडखड बाहेर आहे. काचा वर केल्या की १०० च्या वेगाला टायरचा आवाज आधी ऐकू येतो. चार सिलिंडरच्या डिझेलबद्दल मात्र मी एवढं छातीठोक बोलणार नाही.

चार_पुरेत
का नाही? मर्सिडीजची ई २२०डी चालवून बघा. १९५० सीसी, ४०० एनएम, ॲल्युमिनियमचा ब्लॉक. जोर लावला की जरा घरघरते, पण एका टाकीत जे अंतर कापते ते तुमच्या सहा सिलिंडरला जमणार नाही.

विजेवरचा
टॉर्कच हवा असेल तर इलेक्ट्रिक मोटर तो शून्य आरपीएमपासून देते, तोही खडखड आणि काजळीशिवाय. २०१५ मध्ये फोक्सवॅगनचं उत्सर्जन प्रकरण (डिझेल गाड्यांच्या धुराच्या चाचणीला फसवणारं सॉफ्टवेअर) उघड झालं, तेव्हापासून 'स्वच्छ डिझेल' हा शब्दच मला पटत नाही.

धागाकर्ता
त्या प्रकरणात झाली ती फसवणूकच, तिची बाजू मी घेणार नाही. शांततेत तुमची मोटर पुढे आहे, हेही कबूल. पण त्या साडेआठशे किलोमीटरमध्ये मी एकदाच पंपावर थांबलो, तेही चार मिनिटं. आई तेव्हासुद्धा उठली नाही.

शहरातच_फिरतो
तुम्ही घ्या मग. मी पेट्रोल बुक केलंय.