मदत हवी आहे : जुन्या ट्रॅक फ्रेमचा बॉटम ब्रॅकेट कप अडकलाय, सीट पोस्टही हलत नाही, आणि रंगाचं काय करू?

नमस्कार मंडळी,

एक जुनी स्टीलची ट्रॅक फ्रेम, म्हणजे शर्यतीच्या ट्रॅकवर धावणाऱ्या बिनब्रेकच्या सायकलचा सांगाडा, हाती आली आहे. ती पुन्हा धावती करायची आहे, पण जोर लावून काही मोडण्याआधी जाणकारांना विचारावं म्हणून हा प्रश्नप्रपंच.

फ्रेम ट्रॅकचीच आहे यात शंका नाही. मागचे ड्रॉपआउट (चाकाचा आस बसतो त्या खाचा) मागच्या बाजूला उघडतात. टायर आणि सीट ट्यूब यांच्यात जेमतेम बोट शिरेल एवढीच जागा आहे. फोर्कचे पाय अंडाकृती नाहीत, गोल आहेत. केबल किंवा ब्रेकसाठी कुठेही कान झाळलेला नाही, आणि फोर्क क्राउनलासुद्धा (फोर्कचे दोन पाय वर जुळतात त्या भागाला) भोक नाही. ट्रॅकवरून रस्त्यावर आणलेल्या फ्रेमच्या क्राउनला ब्रेकसाठी हमखास भोक पाडतात, त्यामुळे हा क्राउन अभंग बघून फार बरं वाटलं.

कोणाच्या हातची आहे ते मात्र कळत नाही. कोणीतरी संपूर्ण फ्रेमवर ब्रशने जाड काळा ऑइल पेंट फासला आहे. स्टिकर, बॅज काही दिसत नाही. बॉटम ब्रॅकेटच्या (क्रँकचा आस जिच्यात फिरतो त्या आडव्या नळीच्या) खाली बोट फिरवलं की रंगाखाली खोदलेले आकडे लागतात, पण वाचता येत नाहीत.

मोजमापं अशी: बॉटम ब्रॅकेट शेल, कडांवरचा रंग काढून व्हर्नियरने मोजलं, ७० मिमी. मागच्या ड्रॉपआउटमधलं अंतर १२० मिमी. क्रँकच्या (पेडल ज्याला लागतं त्या दांड्याच्या) पाच बोल्टांपैकी शेजारच्या दोन बोल्टांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर ८४.७ मिमी, म्हणजे बोल्ट सर्कल (पाचही बोल्टांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास) १४४ मिमी येतं. सीट पोस्टवर २७.२ कोरलेलं आहे.

क्रँक काढले, डावा कप (छर्रे धरणारी आट्यांची वाटी) आणि स्पिंडलही (दोन्ही क्रँक जोडणारा आस) निघालं. उजवा कप मात्र हलायला तयार नाही. तो कोणत्या दिशेला फिरवायचा? सीट पोस्ट ॲल्युमिनियमचा आहे आणि फ्रेमशी एकजीव झालाय. मागच्या हबवर लॉकरिंग (कॉग, म्हणजे मागचं दातेरी चक्र, सुटू नये म्हणून लावतात ती कडी) नाहीच, तिथे कोणती बसेल? आणि सगळ्यात मोठा प्रश्न रंगाचा. सरळ सगळा खरवडून नवा पावडर कोट मारावा असा सल्ला मिळतोय, पण मन धजत नाही.

---

प्रतिसाद १

उजव्या कपाचे आटे उलटे असतात. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवा, सुटेल. नसेल सुटत तर एक जाड बोल्ट कपातून आरपार घाला, दोन्ही बाजूंना वॉशर आणि आत नट लावून घट्ट आवळा, मग बोल्टचं डोकं तसंच पुढे फिरवत राहा. कप बोल्टबरोबर बाहेर येतो. माझे जुने कप असेच निघाले आहेत.

---

प्रतिसाद २

कृपया थांबा, वरचा सल्ला या फ्रेमला लागू नाही! शेल ७० मिमी आहे.

६८ मिमी असतं तर बहुधा इंग्लिश आटे असते: १.३७ इंच, इंचाला २४, आणि उजवा कप उलट्या आट्यांचा. पण ७० म्हणजे इटालियन, ३६ मिमी व्यास, इंचाला २४ आटे, आणि दोन्ही कप सरळ आट्यांचे. उजवा कपसुद्धा नेहमीच्या नटासारखा, घड्याळाच्या उलट दिशेलाच सुटतो. घड्याळाच्या दिशेने ताकद लावलीत तर आणखी आवळाल. फ्रेंच ३५ मिमी × १ मिमी, तिथेही दोन्ही सरळ. स्विस आटे मापाने फ्रेंचसारखेच, पण उजवा कप उलटा. हे सगळं डोक्यात ठेवूनच जुन्या बॉटम ब्रॅकेटला हात लावावा. बऱ्याच कपांवर आट्यांचं माप कोरलेलं असतं. वायर ब्रशने उजव्या कपाचा चेहरा साफ करा. '३६ × २४' असं काही सापडलं तर प्रश्नच मिटला.

इतका का अडकलाय तेही सांगतो. पेडल मारताना छर्रे कपात फिरतात आणि कपाला हळूहळू उलट्या दिशेला सरकवत नेतात. इंग्लिश रचनेत उजवे आटे उलटे ठेवले ते याच कारणाने, कप आपोआप सैल होऊ नये म्हणून. इटालियन रचनेत ती सोय नाही, म्हणून तो कप मुळातच प्रचंड आवळून बसवतात. वर इतक्या वर्षांचा गंज.

बोल्ट-नटाची युक्ती इंग्लिश कपाला उत्तम. इटालियन कपाला ती चालत नाही, कारण कप ज्या दिशेला सुटतो त्याच दिशेला तुमचा बोल्टही सैल होतो. इथे मोठा, टेबलाला पक्का बसवलेला व्हाइस हवा. सीट ट्यूबमधून आणि डाव्या बाजूने आत गंज सोडवणारं तेल सोडा, मुरू द्या. मग फ्रेम आडवी करून उजवा कप खाली घ्या, कपाच्या दोन सपाट बाजू व्हाइसच्या जबड्यात घट्ट धरा आणि फ्रेमच तरफेसारखी फिरवा. वरून बघताना घड्याळाच्या उलट दिशेने. दोघं जण असा: एकाने फ्रेम खाली दाबून धरायची, म्हणजे जबडा कपावरून घसरत नाही. पाना वापरून हे होणार नाही असं नाही, पण कपाची धार तितकी जाड नसते आणि पाना एकदा निसटला की सपाट बाजू गोल होतात.

---

प्रतिसाद ३

सीट पोस्टबद्दल. ॲल्युमिनियम आणि स्टील ओलाव्यात एकत्र राहिले की ॲल्युमिनियमवर पांढरा ऑक्साइड धरतो. तो फुगतो आणि पोस्ट जखडतो. हातोडीने ठोकू नका, तो पिळूनच सोडवायचा.

क्लॅम्पचा बोल्ट पूर्ण काढा. फ्रेम उलटी करून बॉटम ब्रॅकेटकडून सीट ट्यूबमध्ये तेल ओता, म्हणजे पोस्टच्या खालच्या टोकापर्यंत पोचेल. वरच्या फटीतून घातलेलं तेल सहसा तिथवर जातच नाही. ॲल्युमिनियम तापमानाने स्टीलच्या जवळपास दुप्पट प्रसरण-आकुंचन पावतो, त्यामुळे नुसतं तापवलं तर आधी पोस्टच फुगतो. तापवून मग पोस्ट आतून थंड केला तर ऑक्साइडची पकड तुटण्याची शक्यता वाढते. त्यानंतर पोस्टचं डोकं व्हाइसमध्ये धरून फ्रेम फिरवायची. यात डोक्यावर वळ उठतात. पोस्ट दोन बोल्टांचा जुना कॅम्पाग्नोलो (सायकलचे सुटे भाग बनवणारी इटालियन कंपनी) असेल तर त्याचा बळी देण्याआधी दहादा विचार करा.

कॉस्टिक सोड्याने ॲल्युमिनियम विरघळतो आणि स्टील वाचतं हे खरं. पण त्यातून हायड्रोजन वायू निघतो, द्रावण उकळतं, डोळ्यात थेंब गेला तर दृष्टी जाऊ शकते. शिवाय तो ऑइल पेंटही खातो आणि खालचा मूळ रंगही. तुम्हाला रंग वाचवायचा असेल तर हा रस्ता बंद समजा. त्यापेक्षा पोस्ट वरून कापून, आत करवतीचं पातं घालून उभी चीर पाडलेली बरी. वेळखाऊ काम आहे, पण फ्रेम सुरक्षित राहते.

२७.२ हे माप चांगली खूण आहे. २८.६ मिमी व्यासाची, वरच्या टोकाला ०.६ मिमी जाडीची नळी असेल तर आतला व्यास २७.४ उरतो, त्यात २७.२ चा पोस्ट नेमका बसतो. म्हणजे नळ्या हलक्या, चांगल्या प्रतीच्या आहेत.

---

प्रतिसाद ४

पावडर कोट अजिबात नको, निदान आत्ता नको. त्याआधी सँडब्लास्टिंग करतात, त्यात लगच्या (नळ्या जोडणाऱ्या सांध्यांच्या) धारा बोथट होतात आणि खोदलेली अक्षरं उथळ होतात. ओळख पटवायची शेवटची साधनं तीच असतात.

ब्रशने मारलेला ऑइल पेंट आणि भट्टीत भाजलेला मूळ इनॅमल यांच्या कणखरपणात फरक असतो. वरचा थर आधी मऊ पडतो, आपल्याला तेवढंच हवं आहे. बॉटम ब्रॅकेटच्या खाली नाण्याएवढी जागा निवडा. आधी टर्पेंटाइन, मग गरज पडली तरच जरा तेज द्रावण, कापसाच्या बोळ्यावर. बोळ्यावर काळा रंग येतोय तोवर ठीक. दुसरा कुठलाही रंग दिसला की तिथेच थांबा. सैल झालेला थर लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने उचला, पत्र्याने नाही. हेड ट्यूब, सीट ट्यूब आणि डाउन ट्यूब सगळ्यात शेवटी, कारण अक्षरं तिथेच असतात आणि जुन्या ट्रान्सफर अक्षरांवर वॉर्निश नसेल तर ती एका पुसण्यात जातात.

क्रोमवर गंजाचे ठिपके निघाले तर ऑक्झॅलिक ॲसिडचं सौम्य द्रावण चालतं. हातमोजे घाला, नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा. जस्ताचा मुलामा दिलेले नट-बोल्ट त्यात बुडवू नका, मुलामा निघून जाईल.

ओळखीसाठी आणखी एक. फोर्क काढलात तर स्टिअरर ट्यूबमध्ये (फोर्कची वर जाणारी नळी) खालून टॉर्च मारा. आत पिळासारखे फिरत गेलेले पाच उंचवटे दिसले तर नळी कोलंबस या इटालियन कंपनीची. पण शेल इटालियन आणि नळ्या कोलंबस म्हणून फ्रेम इटलीतच बनली असं ठरवू नका. इतर देशांचे कारागीरही हे सामान वापरत. लगची कापणी, सीट स्टेचा (सीटखालून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीचा) वरचा जोड आणि खोदलेला आकडा हे तिन्ही जुळल्यावरच नाव घ्या.

आणि क्रँक! कॅम्पाग्नोलोचा असेल तर उजव्या क्रँकचा हात आणि स्पायडर (चेनरिंग धरणारे पाच फाटे) जिथे मिळतात त्या बेचक्यात भिंगाने बघा. तिथे केसाएवढी चीर पडते, ही त्या क्रँकची जुनी खोड आहे. चीर असेल तर तो कपाटात ठेवा, सायकलवर नको. फिक्स्ड गिअरवर चाकाबरोबर पेडल फिरतच राहतात, पाय थांबवता येत नाहीत, क्रँक तुटला तर सावरायला वेळच मिळत नाही.

---

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रतिसाद २ वाचलं नसतं तर मी घड्याळाच्या दिशेनेच जोर लावणार होतो.

कपाचा चेहरा घासला आणि चिकट काळ्या ग्रीसखाली खरंच '३६ × २४' निघालं. फ्रेम व्हाइसवर फिरवल्यावर कप सुटला, आटे शाबूत आहेत. स्टिअररमध्ये पाचही उंचवटे दिसतात. बॉटम ब्रॅकेटखालच्या खिडकीत काळ्याच्या खाली गडद निळा रंग लागला आहे, आणि त्याखाली थेट प्रायमर, म्हणजे निळा मूळचाच असावा. तो वाचवायचा हे आता पक्कं. सीट पोस्ट अजून तेलात मुरतोय.

क्रँकच्या बेचक्यात मात्र बारीक रेघ दिसली. पॉलिश केल्यावर ओरखडा गेला असता, ही रेघ गेली नाही. तो क्रँक बाजूला काढला.

आता लॉकरिंगबद्दल कोणी सांगेल का? हबवरच्या छोट्या उलट्या आट्यांचा बाहेरचा व्यास ३३.५ मिमी भरतो.

---

प्रतिसाद २

३३.५ म्हणजे १.३२ इंच, इटालियन माप. नेहमी मिळते ती १.२९ इंचाची, म्हणजे साधारण ३२.८ मिमी, ती या हबवर चढणारच नाही. जबरदस्ती केलीत तर हबचे आटे जातील. उलट चूकही होते: १.३२ ची रिंग १.२९ च्या हबवर सैलसर बसते आणि घट्ट झाल्यासारखी वाटते. ब्रेक नसलेल्या सायकलवर पाय मागे रोखले की कॉग सुटण्यापासून वाचवणारी तीच एक रिंग असते, त्यामुळे मापाशी तडजोड नको. कॉगचे आटे मात्र इंग्लिश १.३७ × २४ असण्याची शक्यता जास्त, तेही मोजून घ्या.

नवा क्रँक शोधताना स्पिंडलचं टोक आयएसओ आहे की जेआयएस (टोकाच्या मापाची दोन वेगळी मानकं) तेही बघा. दोन्हींचा उतार सारखा असतो, पण टोकाची जाडी वेगळी. आयएसओ क्रँक जेआयएस स्पिंडलवर सुमारे ४.५ मिमी बाहेर राहतो, आणि ट्रॅकवर चेनलाइन (फ्रेमच्या मध्यापासून चेनचं अंतर) ४२ मिमीच्या आसपास हवी असते, तिथे एवढा फरक चालत नाही.

---

धागाकर्ता

कॉगचे आटे मोजले, १.३७ × २४ च आहेत. स्पिंडलचा फोटो उद्या टाकतो. कोणाकडे १.३२ ची जास्तीची लॉकरिंग किंवा १४४ बोल्ट सर्कलचा, बेचक्यात चीर नसलेला उजवा क्रँक असेल तर इथेच कळवा. माझ्याकडे १५१ बोल्ट सर्कलची एक चेनरिंग पडून आहे, ती बदल्यात देता येईल.