मुलीला ग्रेनाडात व्हेटर्नरीचा ऑगस्टचा प्रवेश मिळालाय, पहिलं सेमिस्टर झेपेल का?

पाचपाखाडीची_आई

नमस्कार. आम्ही ठाण्याला पाचपाखाडीत राहतो. लेकीचं बीएस्सी झालंय. परळच्या व्हेटर्नरी कॉलेजची जागा नीटच्या वेळी थोडक्यात हुकली होती, पण जनावरांची डॉक्टरच व्हायचं हे तिने शाळेत असल्यापासून धरून ठेवलंय. आता कॅरिबियनमधल्या ग्रेनाडा बेटावर सेंट जॉर्जेस युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळालाय. ती हरखून गेलीय, माझी झोप उडालीय.

आमच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही आणि तिथे म्हणे लगेच डिसेक्शन. ते तिला सोसेल का? वादळांचं काय? खाईल काय? ज्या एजंटमार्फत अर्ज केला तो म्हणतो, 'परत आली की इथे दवाखाना टाकता येईल, काही अडचण नाही.' हे खरं आहे का? तिथे शिकणारं कोणी असेल तर कृपया स्पष्ट सांगा, बरं वाटावं म्हणून नको.

नेरुळची_व्हेट

काकू, मी नेरुळची. याच कॉलेजात जानेवारीच्या बॅचला आले, पहिलं सेमिस्टर चालू आहे. आमच्याकडेही अंडं चालत नाही, म्हणून डिसेक्शनचंच आधी सांगते.

सुरुवात कुत्र्याच्या पुढच्या पायापासून होते. कुत्र्याला आपल्यासारखा कॉलरबोन नसतो, उरलाच तर स्नायूत अडकलेली बारीकशी पट्टी. म्हणजे पुढचा पाय धडाला हाडाने जोडलेलाच नाही, नुसत्या स्नायूंनी धरून ठेवलेला आहे. हे वाचून माहीत होतं. पण लॅबमध्ये छातीचे स्नायू सोडवल्यावर पाय हळूच बाजूला झाला आणि काखेत पांढऱ्या नसांचा, म्हणजे मज्जातंतूंचा गुंता दिसला, ब्रेकियल प्लेक्सस. तेव्हा आमच्या टेबलावर कोणीच काही बोललं नाही. गाडीची धडक बसलेला, पुढच्या पायाचा पंजा उलटा घासत चालणारा कुत्रा नेरुळ स्टेशनबाहेर मी लहानपणापासून बघत आलेय. हाड मोडलेलं नसतानाही पाय असा लुळा का पडतो, ते त्या टेबलापाशी कळलं. धडकेत पाय बाहेर ओढला जातो आणि याच नसा मुळापासून तुटतात.

त्यामुळे किळस येईल का, याची मला तुमच्या मुलीबाबत फारशी काळजी वाटत नाही. फॉर्मलिनने डोळे चुरचुरतात, वास केसांत बसतो. हातमोजे दोन-दोन घालायचे, केस घट्ट बांधायचे, लॅबचे कपडे वेगळे धुवायचे. बस.

जड जातो तो वेग. एका आठवड्यात स्नायूंची नावं, ते कुठून निघतात, कुठे जोडले जातात, कोणती नस त्यांना चालवते, सगळं. शिवाय हिस्टॉलॉजीच्या, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या ऊतींच्या स्लाइड्स. प्रॅक्टिकल परीक्षेत टेबलाटेबलावर टाचण्या टोचून ठेवलेल्या असतात. टाचणी कशात आहे ते ओळखून लिहायचं, इशारा झाला की पुढच्या टेबलाशी. विचार करायला वेळच नसतो, हाताला आणि डोळ्याला सवय लागते. एकटीने वाचून हे होत नाही. तिला सांगा, पहिल्या आठवड्यातच तीन-चार जणींचा गट धर, लाजू नकोस. आपल्याकडची मुलं वर्गात शंका विचारत नाहीत, तो स्वभाव इथे फार महाग पडतो.

खाण्याचं. इथे कॅलालू नावाची भाजी घरोघरी होते, ती अळूचीच पानं, नारळाच्या दुधात शिजवलेली. आमसुलं भरपूर द्या, म्हणजे तिला घरचं फदफदं करता येईल. नीरफणस आणि कच्ची केळी मुबलक. हरभरा-बटाट्याची भाजी भरलेली रोटी तर रस्त्यावर मिळते. १८५७ साली 'मेडस्टोन' जहाजातून मळ्यांवर राबायला आणलेल्या आपल्याच लोकांनी ती इथे आणली. भरताना मांस नको हे मात्र दरवेळी सांगावं लागतं. जायफळ तर इतकं पिकतं, की देशाच्या झेंड्यावरही तेच आहे. डाळी, कडधान्यं, पनीर महाग, कारण बरंच काही बाहेरून येतं. इथे पूर्व कॅरिबियन डॉलर चालतो, एका अमेरिकन डॉलरला २.७०. पाटीवरची किंमत कोणत्या डॉलरची आहे ते विचारूनच घ्यायचं. गोडा मसाला आणि छोटा कुकर बॅगेत हवाच.

आणखी एक, मला फार आवडणारी गोष्ट. इथल्या मेंढ्यांना लोकर नसते. उन्हात रस्त्याकडेला शेळ्या आणि मेंढ्या शेजारीशेजारी बांधलेल्या असतात, सारख्याच दिसतात. शेपटी वर ती शेळी, खाली लोंबती ती मेंढी. क्लासला चालत जाताना मी अजूनही प्रत्येकीची शेपटी बघते.

आणि मुंगूस! आजोळी आम्ही मुंगूस दिसलं की 'मुंगसा मुंगसा तोंड दाखव, तुला रामाची शपथ' म्हणायचो. इथलं मुंगूसही मूळचं आपल्याकडचंच. उसातले उंदीर मारायला १८७२ मध्ये कोलकात्याहून जमैकात आणलं, तिथून इतर बेटांवर पसरलं. ग्रेनाडात तेच रेबीज पसरवतं. म्हणून रेबीजची आगाऊ लस ठाण्यातूनच घेऊन पाठवा, कार्ड सोबत द्या.

वादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर, म्हणजे ऑगस्टची बॅच त्यातच उतरते. ग्रेनाडा बरंच दक्षिणेला आहे, त्यामुळे दरवर्षी तडाखा बसत नाही, पण बसतो तेव्हा जबर बसतो. २००४ च्या आयव्हन वादळाने जायफळाच्या बागा झोपवल्या, त्याबद्दल इथली म्हातारी माणसं अजून बोलतात. २०२४ च्या १ जुलैला बेरिल आलं, त्याने कॅरियाकू हे याच देशाचं छोटं बेट उद्ध्वस्त केलं. पाणी, टॉर्च, पॉवरबँक, कागदपत्रांची प्लास्टिकची पिशवी तयार ठेवायची आणि सूचना आली की वाद न घालता ऐकायचं. २६ जुलै काढलेल्या घराला हे समजावून सांगायला नको.

घोडबंदरचा_पशुवैद्य

ताई, एजंटचा मुद्दा मी घेतो. माझा घोडबंदर रोडला दवाखाना आहे, शिक्षण परळचं.

भारतात प्रॅक्टिस करायला व्हेटर्नरी कौन्सिलच्या कायद्याखाली, म्हणजे १९८४ च्या, नोंदणी लागते. परदेशी पदवीला ती आपोआप मिळेल असं धरून चालू नका. व्हेटर्नरी कौन्सिल ऑफ इंडियाला या कॉलेजचं आणि पदवीचं नाव घालून लेखी विचारा, उत्तरही लेखीच घ्या. पैसे भरायच्या आधी. 'काही अडचण नाही' हे तोंडी उत्तर कोणाच्याही कामाचं नाही.

या पदवीचं खरं बळ वेगळं आहे. २०११ पासून तिला अमेरिकन व्हेटर्नरी मेडिकल असोसिएशनची मान्यता आहे. माझ्यासारखा परळचा पदवीधर अमेरिकेत गेला तर त्याला आधी समकक्षतेच्या वेगळ्या परीक्षांतून जावं लागतं, त्यात वर्षं आणि पैसा जातो. तुमच्या मुलीला ते टळेल, थेट नॅव्हले, म्हणजे तिथली लायसन्ससाठीची परीक्षा, आणि मग त्या-त्या राज्याचं लायसन्स. पण ठाण्यातच दवाखाना काढायचा असेल तर माझं स्पष्ट मत, पुन्हा नीट द्यावी. परळला इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं लागतात आणि खर्चाची तर तुलनाच नाही. तिला नक्की कुठे काम करायचंय, हे तिच्याच तोंडून एकदा ऐका.

वाशी_सेक्टर१७

कर्जाचं बघताना एवढं लक्षात ठेवा, अमेरिकन वर्गमित्रांना त्यांच्या सरकारी कर्जाचा आधार असतो, आपल्या मुलांना नाही. फी डॉलरमध्ये आणि आपली कमाई रुपयात. आजच्या भावाने चार वर्षांचा हिशेब मांडू नका, डॉलर वाढलेला धरून मांडा.

पाचपाखाडीची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री तिला समोर बसवून विचारलं. म्हणाली, 'मला गाई-म्हशींचं, मोठ्या जनावरांचं काम करायचंय, देश कुठलाही असो.' कौन्सिलला पत्र आजच पाठवतोय, उत्तर आल्याशिवाय पैसे भरणार नाही. @नेरुळची_व्हेट, जायचं ठरलंच तर ऑगस्टपर्यंत तिने काय वाचावं? आणि तुझी आई फोन कधी करते गं?

नेरुळची_व्हेट

काकू, इथले सकाळचे आठ म्हणजे ठाण्यातले संध्याकाळचे साडेपाच. आई चहा ठेवते तेव्हा मी क्लासला निघत असते, तेवढी दहा मिनिटं आमची ठरलेली. परीक्षेच्या आठवड्यात मी उचलत नाही, ते तिला आधीच सांगून ठेवलंय.

वाचायचं म्हणाल तर जाड पुस्तकं नकोत. कुत्र्याच्या सांगाड्यातलं प्रत्येक हाड, डावं-उजवं ओळखण्याइतकं पक्कं करू दे. हाडं पक्की असली की स्नायू त्यावर बसतात. सोसायटीतल्या एखाद्या गरीब कुत्र्याच्या अंगावर बोटाने बरगड्या मोजायची सवय लावू दे. हृदयाच्या झडपा डाव्या बाजूला बरगड्यांमधल्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या फटीत ऐकायच्या असतात, पल्मॉनिक, एओर्टिक, मायट्रल या क्रमाने. त्या फटी बोटाला आधीच सापडत असतील तर तिचे खूप तास वाचतील.

मोठ्या जनावरांचं म्हणतेय तर बदलापूर-मुरबाडकडच्या एखाद्या गोठ्यावर ओळख काढून पहाटेच्या धारेला उभी राहू दे. आणि विमान अमेरिकेतून बदलणार असेल, तर नुसतं विमानतळावर उतरायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो. त्याची अपॉइंटमेंट मिळायला वेळ जातो, कौन्सिलचं उत्तर आलं की पहिल्यांदा तीच घ्या.