"आई, आज आपल्याला काय अभ्यास आहे?"

निळीशाई:
मुलगा तिसरीत. शाळेतून आला की दप्तर माझ्यापुढे ठेवतो आणि विचारतो, "आज आपल्याला काय अभ्यास आहे?" आपल्याला! दोष माझाच. पहिलीत अक्षरं गिरवताना शेजारी बसले, ती बसलेच. गणितं येतात त्याला, पण प्रत्येक पायरीला मान वर करून माझं तोंड बघतो. माझी भुवई जरा हलली की लगेच खोडरबर. परवा ठरवून लांब बसले, तर 40 मिनिटांत अडीच गणितं आणि दोघंही रडकुंडीला. एकदम सोडून द्यायचं की हळूहळू?

दोनपोरांचाबाप:
सोडून द्या. थोरलीला सोडलं, दोनदा शाळेत बोलणी खाल्ली, मग सुतासारखी सरळ. (धाकट्यावर हाच उपाय सपशेल फसला, तेही सांगून टाकतो.)

फळाखडू:
22 वर्षं तिसरी-चौथीला शिकवलं. एकदम सोडू नका हो. इमारतीची परांची टप्प्याटप्प्याने उतरवतात. (मुलांना दिलेल्या मदतीला ही परांचीची उपमा वुड, ब्रूनर आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी 1976 सालीच दिली आहे, माझी नाही.) पहिलं गणित सोबत करा, पुढची दोन त्याची, मग बघायला जा. तो मान वर करतो तेव्हा तुमची मान खाली हवी. कपड्यांच्या घड्या घाला.

आणि वही दुरुस्त करून पाठवू नका, हे हात जोडून सांगते. 52 मधून 27 गेले, उरले 35, असं लिहिणारं पोर धांदरट नसतं. ते प्रत्येक घरात लहान अंक मोठ्यातून वजा करतं, दशक सुटा करायचं त्याला उमगलेलंच नसतं. तुम्ही घरी 25 करून पाठवलंत की मला वर्गात दिसणार काय? त्यापेक्षा ताळा करायला लावा. 35 आणि 27 मिळून 62 होतात, मग गडबड त्याची त्यालाच दिसते.

वेळेचं म्हणाल तर इयत्तेमागे 10 मिनिटं हा जुना ठोकताळा आहे. तिसरीला अर्धा तास. मग वही बंद, राहिलं तर राहिलं.

दोनपोरांचाबाप:
ताळा! धाकट्याला आजच धरतो.

निळीशाई:
चार दिवस झाले. घरातले टॉवेल दोन-दोनदा घडी घालून झालेत. काल 63 वजा 28 बरोबर 45 दिसलं आणि हात नुसते शिवशिवले. "ताळा केलास?" एवढंच विचारलं. "हो," म्हणाला. केला नव्हता. वही तशीच गेली.

आज परिसर अभ्यासाची वही घरीच विसरलाय. समोर टेबलावर दिसतेय मला. शाळा चालत 10 मिनिटांवर. टॉवेल संपले, आता चादरी काढल्यात.