अनुभव: कुत्र्याच्या पायाचं ऑपरेशन आणि नंतरचे दिवस

अनगोळकर
आज बेळगावात आरपीडी क्रॉसजवळ एकजण कुत्र्याच्या पोटाखालून टॉवेल घालून, मागचा भाग उचलून त्याला हळूहळू चालवत होते. आमच्या राणीचे दिवस आठवले. मुधोळ जातीची, मांडीचं हाड मोडलेलं, आत प्लेट आणि स्क्रू. ऑपरेशन एका दिवसात उरकतं, पण मोठ्या कुत्र्याचं हाड जुळायला साधारण ८ ते १२ आठवडे जातात. दुखणं कमी झालं की तिला पळायचं असायचं आणि आम्ही दारं लावून बसायचो. मुधोळच्या अंगावर चरबी नसते, पडून पडून कोपरं सोलवटतात, म्हणून गादी जाड घातली. पहिल्यांदा तिनं नुसती नखं टेकवली, मग अख्खा पंजा, तेव्हा आई देवाला साखर ठेवायला धावली. ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी लिहा. त्या गृहस्थांचा नंबर घेतलाय, त्यांना पाठवतो.

खानापूरची ताई
फरशी!! आधी फरशीचं बघा. गुळगुळीत टाइल्सवर घसरून चांगला पायपण जातो. आम्ही सतरंज्या, पोती, रबरी मॅट सगळं अंथरलेलं. आणि आमच्याकडचा पाऊस माहीत आहेच. बाहेर नेताना बँडेजवर दुधाची पिशवी बांधायची, आत आलं की लगेच काढायची, नाहीतर आत ओल धरते. बोटं सुजली किंवा गार पडली तर बँडेज आवळलंय समजा, तडक डॉक्टर गाठा. कुकर झाला, येते परत

निपाणीवाला
आमच्या लॅब्राडोरच्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलेलं. टीपीएलओ नावाचं ऑपरेशन केलं. मोडलेलं नाही ते हाड कापायचं कशाला म्हणून मी अडून बसलो, मग डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं. नडगीच्या हाडाचा वरचा भाग कापून फिरवतात, उतार कमी होतो, मग पाय टेकल्यावर नडगी पुढं सटकत नाही. वजन मात्र उतरवावंच लागतं, कारण बऱ्याच कुत्र्यांचं पुढं दुसऱ्या पायाचं लिगामेंटही जातं. आमच्या आजी पदराआडून चपाती द्यायच्या, त्यांना समजावण्यात जास्त ताकद गेली

अनगोळकर
@निपाणीवाला कोल्हापूरला केलं का बेळगावला?

निपाणीवाला
कोल्हापूर. मागची सीट पाडून गादी टाकली, मी शेजारी बसलो, भाऊ चालवत होता. एक स्पीडब्रेकर आला की दोघं श्वास रोखून

कडोलीचा शेतकरी
आमचं गावठी, उसाच्या ट्रॉलीखाली आलं. खुब्यातला हाडाचा गोळाच काढून टाकला डॉक्टरनी. गोळ्याशिवाय कसं चालणार म्हणून घरात रडारड. पण भोवतीचं मांस आणि आत तयार होणारा चिवट पडदा आधार धरतो म्हणे. आमच्याला उलट लवकर चालवायला सांगितलेलं. प्लेटवाल्यांनी हे बघून चालवू नका हं, त्यांचं वेगळं. आता बांधावर उड्या मारूलालाय

खानापूरची ताई
आले. @कडोली वाचून बरं वाटलं हो! बटाटा काढला काय?

कडोलीचा शेतकरी
अजून नाही ताई, शेत वाळू दे की

मेडिकलवाली, शहापूर
कळकळीनं सांगते, कुत्रं कण्हत असलं तरी घरातली क्रोसिन, ब्रुफेन देऊ नका. ब्रुफेननं पोटात व्रण पडतात, किडनीवर जातं. दुकानात रोज कुणीतरी "अर्धी चालेल काय" विचारतं. नाही चालत. जनावराच्या डॉक्टरनी लिहिलेलंच द्या.

वडगावची मावशी
आमच्या बंड्याचे टाके उद्या निघणार! अनगोळकरांची आई साखर ठेवते, मी कुंदा वाटणार

निपाणीवाला
बंड्याला नको हं मावशी

वडगावची मावशी
त्याला उकडलेलं अंडं. बरं, जखम चाटू नये म्हणून घातलेली गळ्यातली कॉलर आता लागणार नाही, मोठ्या मापाची आहे, धुऊन ठेवते. कुणाला पाहिजे?

अनगोळकर
त्या गृहस्थांना विचारतो मावशी. त्यांचं कुत्रं जखम चाटूलालंय म्हणत होते, लागेल बहुतेक.

वडगावची मावशी
सहानंतर या म्हणावं, पाचला पाणी येतं