निळा एलईडी घासण्याआधी रोधक बदलून पाहावा

गिटार पेडलवर (गिटारचा आवाज बदलणाऱ्या, पायाने चालवायच्या पेटीवर) लाल एलईडीच्या जागी लावलेला निळा डोळ्यांत खुपत असेल तर तो पॉलिशपेपरने घासावा, अशी एक सूचना आहे. ती प्रकाश पसरवण्यापुरती योग्य आहे. प्रखरतेचे मूळ मात्र विद्युतप्रवाहात आहे. ९ व्होल्टच्या पेडलमध्ये निळ्या एलईडीवर सुमारे ३ व्होल्ट पडतात, त्यामुळे एलईडीच्या वाटेत प्रवाह मर्यादित करण्यासाठी लावलेल्या ४.७ किलोओहमच्या रोधकातून (रेझिस्टरमधून) जवळपास १.३ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो, आणि आजच्या निळ्या एलईडीला तो फार होतो. २२ किलोओहम लावल्यास तो पाव मिलिअँपिअरच्या आसपास येतो.

याचा आवाजालाही फायदा होतो. माझ्या घरगुती ट्रेमोलोमध्ये (आवाज ठरावीक गतीने कमी-जास्त करणाऱ्या पेडलमध्ये) गती दाखवणाऱ्या लुकलुकत्या एलईडीचा प्रवाह ध्वनिमार्गाच्याच ग्राउंड तारेतून परतत असल्याने प्रत्येक ठोक्याला स्पीकरमधून ‘टिक’ ऐकू येई. रोधक वाढवल्यावर ती टिक क्षीण झाली आणि एलईडीची ग्राउंड तार थेट वीजजोडणीपर्यंत वेगळी नेल्यावर पूर्ण थांबली.